मॉर्गन वूटन सर गेले: सेहेचाळीस वर्षं एकाच शाळेत

पोटोमॅककाठी
२३ जानेवारी २०२०, रात्री ९:४०

मंगळवारी, २१ तारखेला, मॉर्गन वूटन गेले. वय ८८. भारतात हे नाव फारसं कुणी ऐकलं नसेल, पण आमच्या मेरीलँडमध्ये दोन दिवस दुसरा विषय नाही. इथल्या लोकांशी बोलून झालं, तरी मराठीत बोलल्याशिवाय मन हलकं होईना, म्हणून हा धागा.

वॉशिंग्टनला खेटून हायट्सव्हिल नावाचं गाव आहे. तिथे डिमॅथा ही मुलग्यांची कॅथलिक शाळा, १९४६ साली सुरू झालेली. वूटन १९५६ साली तिथे बास्केटबॉलचे प्रशिक्षक झाले ते पंचविशीत, आणि निवृत्त झाले २००२ साली. मधल्या सेहेचाळीस वर्षांत त्यांच्या संघाने १२७४ सामने जिंकले, १९२ हरले. सलग ४४ मोसम असे, की दरवर्षी वीस किंवा त्याहून जास्त विजय. २००० साली बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांना जागा मिळाली. केवळ शाळेतल्या कामासाठी हा मान फार थोड्या लोकांना मिळालेला आहे.

आणि हा माणूस सुरुवातीला एका अनाथाश्रमातल्या मुलांना बेसबॉल शिकवायचा. पहिल्या मोसमात त्या मुलांनी एकही सामना जिंकला नव्हता.

हे सगळं पेपरात आलंय. मला सांगायचंय ते थोडं वेगळं. आमच्या ऑफिसात साठीला आलेला एक सहकारी आहे, डिमॅथाचा. आयुष्यात कधी बास्केटबॉल खेळला नाही. वूटन त्याला जगाचा इतिहास शिकवायला होते. बुधवारी सकाळी तो कॉफीच्या मशिनपाशी उभा होता, कप भरून वाहायला लागला तरी लक्ष नव्हतं. म्हणाला, खेळाडूंना ते कोच म्हणून मिळाले, आम्हाला मास्तर म्हणून मिळाले, आमचा वाटा काही कमी नव्हता.

त्यांच्याबद्दलची एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून गेली नाही. १९६० ते १९९० अशी तीस वर्षं, डिमॅथाच्या संघातल्या शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक मुलाला कॉलेजची पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली. मैदानात उतरणाऱ्या पहिल्या पाचांना मिळते, त्यात नवल नाही. इथे बाकावरच्या, म्हणजे राखीव मुलांनाही मिळाली. ज्या मुलाचं नाव गुणफलकावर कधी लागत नाही, त्याच्यासाठी कुणीतरी बसून पत्रं लिहावी लागतात, लहान लहान कॉलेजांना फोन करावे लागतात. हे एक वर्ष नव्हे, तीस वर्षं चाललं.

माझा मुलगा दुसऱ्या एका शाळेच्या संघात तीन वर्षं होता, आणि तीनही वर्षं जवळजवळ सगळा वेळ बाकावर. सामना संपला की गाडीत पुढे न बसता मागे बसायचा. मी आरशातून बघायची. त्याच्या प्रशिक्षकांना शेवटपर्यंत आमचं आडनाव नीट घेता आलं नाही. म्हणून ही बाकावरच्या मुलांची गोष्ट वाचली आणि रडू आलं.

तुमच्या शाळेतल्या सरांबद्दलही लिहा.

वऱ्हाडी_ड्रिबल
२४ जानेवारी २०२०, सकाळी ७:१५

ताई, वूटन हे नाव आजच वाचलं. पण बाकावरच्या मुलांपाशी येऊन थांबलो.

आमचं वर्ध्याकडचं तालुक्याचं गाव. सर अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळातून बी.पी.एड. करून आमच्या शाळेत लागले. विदर्भातल्या कितीतरी शाळांचे पीटी सर तिथलेच. शाळेला कबड्डी-खोखोचं मैदान होतं, बास्केटबॉलचं नव्हतं. सरांनी मुरूम टाकून घेतला, आम्ही मुलांनी पाणी मारलं, ग्रामपंचायतीचा रोलर मागून आणून फिरवला. खांब रेल्वेच्या जुन्या रुळांचे. बोर्डाला सागाच्या फळ्या, आरामशीनवाल्यांनी अशाच दिल्या. रिंग गावातल्या वेल्डरकडून वाकवून घेतली.

रिंग जमिनीपासून दहा फूट हवी, म्हणजे ३.०५ मीटर. सरांकडे एक बांबू होता, दहा फुटांवर खाच पाडलेला. रविवारी पोरं रिंगला लोंबकळत, रिंग वाके. सोमवारी प्रार्थनेच्या आधी सर बांबू लावून बघत. कमी भरली की मधल्या सुट्टीत वेल्डर हजर.

मी वर्गात सर्वांत बुटका. सर म्हणाले, तू उंच होशील की नाही ते माझ्या हातात नाही, तुझा ड्रिबल माझ्या हातात आहे. चुन्याच्या फक्कीची रेष आखून द्यायचे आणि तिच्या दोन्ही बाजूंनी चेंडू मारत जायला लावायचे, डाव्या हाताने. रेष पुसली की पुन्हा फक्की मी मारायची. पहिले दोन महिने माझी फक्कीच जास्त मारून झाली.

स्पर्धेला एस.टी.ने जायचो. चेंडूंची जाळी सरांच्या मांडीवर. डबा काकूंचा, बारा पोरांच्या तिखटमिठाच्या पुऱ्या, त्या पहाटे तीनला उठलेल्या असायच्या. एका वर्षी विभागीय स्पर्धेत नागपूरच्या संघाने आम्हाला ५२-११ असं हरवलं. आम्ही एस.टी.त माना खाली घालून बसलेलो. आणि सर त्या ११ गुणांबद्दल बोलत होते. कुणी पास दिला, कुणी कट मारला, कोणता फ्री थ्रो होता, अकराच्या अकरा गुण त्यांना पाठ. वर्धा येईपर्यंत आम्हाला वाटायला लागलं, की आपण काहीतरी करून आलो.

सर २०१४ साली गेले. मी पुण्यात होतो, प्रोजेक्ट अंगावर आलेला, गेलो नाही. त्यानंतर काकूंना भेटायलाही गेलेलो नाही. हे कुठे लिहिलं नव्हतं, आज लिहिलं.

कट्टेकरी
२४ जानेवारी २०२०, सकाळी ११:०२

वऱ्हाडी, ते ११ गुण लक्षात राहतील.

मी दादरचा, त्यामुळे मला आचरेकर सर आठवणारच. २ जानेवारी २०१९ ला गेले, त्याला नुकतंच वर्ष झालं. शारदाश्रम, शिवाजी पार्क, स्टंपवर ठेवलेलं रुपयाचं नाणं, सचिनला स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेणं, हे सगळ्यांना माहीत आहे. कमी बोललं जातं ते हे, की सर स्वतः फक्त एकच प्रथम श्रेणी सामना खेळले, स्टेट बँकेकडून, हैदराबादला. द्रोणाचार्य पुरस्कार १९९० साली, पद्मश्री २०१० साली. खेळाडू म्हणून जे हाताला लागलं नाही, ते दुसऱ्याच्या हातात देत राहिले.

गेले त्या दिवशी आमच्या इमारतीतले एक काका पार्कावर जाऊन नुसते बसले होते. ते सरांच्या नेट्समध्ये दोन वर्षं होते, पुढे बँकेत लागले, क्रिकेट सुटलं. त्यांच्या घरी भिंतीवर सचिनचा फोटो नाही, सरांचा आहे.

आकडेमोड
२४ जानेवारी २०२०, रात्री १०:३०

श्रद्धांजली. तरी एक मुद्दा मांडतो, कुणी वाईट वाटून घेऊ नये.

१२७४ विजय ऐकून छाती दडपते, पण डिमॅथा ही खासगी शाळा आहे. सरकारी शाळेला आपल्या हद्दीतली मुलंच घ्यावी लागतात, खासगी शाळेत कुठूनही मुलगा येऊ शकतो. त्यात तो सगळा परिसर बास्केटबॉलने भारलेला. बास्केटबॉलचा नामांकित खेळाडू केव्हिन ड्युरांट डिमॅथाच्याच प्रिन्स जॉर्जेस काउंटीतला, म्हणजे जिल्ह्यातला. एकदा नाव झालं, की चांगली मुलं आपणहून त्या दारात येतात. मग जिंकण्यात शिकवण्याचा वाटा किती आणि निवडीचा किती? आचरेकर सरांच्या बाबतीतही हेच विचारता येईल. मला तरी वऱ्हाडींच्या सरांचे ११ गुण जास्त मोठे वाटतात.

पोटोमॅककाठी
२५ जानेवारी २०२०, सकाळी ८:२०

आकडेमोड, मुद्दा खरा आहे आणि इथेही लोक तो मांडतात. सरकारी शाळेच्या प्रशिक्षकाशी नुसत्या आकड्यांवर तुलना करू नये, मान्य. पण डिमॅथाचं नाव आधीपासून नव्हतं, ते होत गेलं. १९५६ साली ती दहा वर्षांची शाळा होती.

शिकवण्याचा वाटा विचारलात, तर १९६५ ची गोष्ट सांगते. ऑफिसातल्या त्या सहकाऱ्याने ती इतकी रंगवून सांगितली, की मी घरी येऊन जुनी कात्रणं शोधत बसले.

न्यूयॉर्कच्या पॉवर मेमोरियल शाळेचा संघ सलग ७१ सामने जिंकलेला होता. त्यांच्याकडे ल्यू अल्सिंडर होता, सात फुटांचा, जो पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने जगाला माहीत झाला. आदल्या वर्षी त्याच संघाने डिमॅथाला ६५-६२ असं हरवलं होतं. अल्सिंडरच्या हातावरून चेंडू रिंगपर्यंत न्यायचा कसा, हा प्रश्न. वूटन यांनी सरावात आपल्याच एका उंच मुलाच्या हातात टेनिसची रॅकेट दिली आणि त्याला रिंगखाली उभं केलं. बाकीच्यांनी त्या रॅकेटवरून चेंडू टाकायचा. सरळ टाकला की रॅकेटला लागून परत. मुलं आपोआप चेंडूला उंच कमान द्यायला शिकली.

३० जानेवारी १९६५, मेरीलँड विद्यापीठाचं कोल फील्ड हाऊस, साडेबारा हजार प्रेक्षक. शाळेच्या सामन्याला! डिमॅथा ४६, पॉवर मेमोरियल ४३. अल्सिंडरला १६ गुणांवर रोखलं. इथे शाळेच्या बास्केटबॉलचा इतिहास सांगताना लोक त्या सामन्यापासून सुरुवात करतात.

तो उंच मुलगा निवडून आलेला असेलही. रॅकेट मात्र मास्तरांच्या डोक्यातून आली.

आणि एक. खेळाडूंना ते महत्त्वाचा क्रम सांगायचे तो असा: आधी देव, मग कुटुंब, मग अभ्यास, आणि चौथा बास्केटबॉल. पुष्कळ प्रशिक्षक असं बोलतात. ज्यांच्या संघातला जेम्स ब्राऊन हार्वर्डला शिकायला गेला आणि पुढे अमेरिकेतला नामांकित क्रीडा निवेदक झाला, त्यांच्या बोलण्यावर मात्र माझा विश्वास बसतो.

रॅलीकर
२५ जानेवारी २०२०, रात्री ८:४५

मी नॉर्थ कॅरोलिनात रॅलीला राहतो, इथूनही थोडी भर घालतो.

१९८० साली आमच्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाने वूटन यांना प्रशिक्षकपद देऊ केलं होतं. पैसा, नाव, दूरदर्शनवर सामने, सगळं होतं. ते आले नाहीत. मग ती जागा जिम वॅल्वानोंकडे गेली.

आता पुढचं ऐका. तीन वर्षांनी, ४ एप्रिल १९८३ ला, याच विद्यापीठाचा संघ कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात. समोर ह्यूस्टन, त्यांच्याकडे ओलाजुवान आणि ड्रेक्सलर हे नावाजलेले खेळाडू. आमच्या संघावर पैज लावायला कुणी तयार नव्हतं. ५२-५२ अशी बरोबरी, शेवटचे काही क्षण. डेरेक व्हिटनबर्गने फार लांबून चेंडू भिरकावला. तो रिंगपर्यंत पोचलाच नाही. लोरेन्झो चार्ल्सने हवेतच पकडून आत घातला. ५४-५२. या गावात अजून कुणालाही विचारा, त्या रात्री आपण कुठे होतो ते सांगेल.

त्या संघाचे दोन गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेणारे खेळाडू, सिडनी लो आणि डेरेक व्हिटनबर्ग, दोघेही डिमॅथाचे. वूटन यांचे विद्यार्थी. म्हणजे जी नोकरी त्यांनी नाकारली, तिथलं सर्वांत मोठं यश त्यांच्याच मुलांनी आणून दिलं. लो पुढे २००६ ते २०११ याच विद्यापीठाचा प्रशिक्षक होता.

नोकरीत पुढची खुर्ची दिसली की आपण किती रात्री झोपत नाही, हे मी स्वतःवरून जाणतो. म्हणून त्यांचं ते न येणं मला त्या १२७४ पेक्षा मोठं वाटतं.

अंगणवेल
२६ जानेवारी २०२०, दुपारी १:१०

खेळातलं मला कळत नाही, पण त्यांच्याबद्दल शोधून वाचलं आणि एके ठिकाणी अडकले. १९९६ साली वूटन यांचं यकृत निकामी झालं होतं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये प्रत्यारोपण झालं. त्यानंतर ते पुन्हा मैदानावर उभे राहिले आणि आणखी सहा वर्षं शिकवलं.

माझ्या भावाचं प्रत्यारोपण तीन वर्षांपूर्वी झालं. आम्ही सतत विचारायचो, किती वर्षं मिळतील? डॉक्टर आकडा सांगत नाहीत. १९९६ ते २०२०. मी भावाला हे दोनच आकडे व्हॉट्सॲपवर पाठवले. त्याने खाली विचारलं, हे काय आहे? मग फोन करून सगळं सांगितलं. अर्धा तास बोललो.

ज्या घराने त्या वेळी होकार दिला, त्यांचंही नाव या धाग्यावर घेऊन ठेवावं असं वाटतं. नाव माहीत नाही, तरी.

तिसरा_क्वार्टर
२८ जानेवारी २०२०, सकाळी ९:५०

कालपासून सगळीकडे बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट हेलिकॉप्टर अपघातात गेल्याची बातमी. मी पुण्यात शाळा-कॉलेजात खेळले, माझ्या खोलीत त्याचं पोस्टर होतं. काल सकाळी आईने उठवून सांगितलं. तो मुलीला घेऊन तिच्या संघाच्या सामन्याला निघाला होता, आणि त्या संघाचा प्रशिक्षक तोच होता. पाच वेळा एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक लीग, जिंकलेला माणूस तेरा वर्षांच्या मुलींना शिकवत होता.

हा धागा वाचून आमच्या मॅडम आठवल्या. आमच्या शाळेत मुलींचा संघच नव्हता. मॅडम गणिताच्या, पण स्वतः खेळलेल्या. घरोघरी जाऊन आयांना सांगितलं, की साडेसहापर्यंत मुलगी घरी येईल, मी आणून सोडते. आणि खरंच सोडायच्या, आम्हा सात जणींना, गल्लीगल्लीतून, स्वतःची सायकल हातात धरून चालत. सामना कधी जिंकलो ते मला नीट आठवत नाही. ती रांग आठवते.

मॅडम आहेत अजून. आज संध्याकाळी फोन करणार आहे.

आकडेमोड
२८ जानेवारी २०२०, रात्री ११:१५

ताई, रॅकेटचं पटलं. तीस वर्षांच्या शिष्यवृत्तीकडेही मी आधी आकडा म्हणूनच बघितलं होतं. आज हिशेब मांडला. दरवर्षी शेवटच्या वर्षाची चार-पाच मुलं धरली, तरी त्या तीस वर्षांत शंभराच्या वर घरं होतात, ज्यांना कॉलेजची फी भरावी लागली नाही. अमेरिकेतल्या फीचे आकडे माझा भाचा तिकडे गेल्यापासून तोंडपाठ आहेत. खासगी शाळेचा मुद्दा मी मागे घेत नाही, पण पहिल्याच दिवशी, श्रद्धांजलीच्या धाग्यावर तो काढायला नको होता.

पोटोमॅककाठी
३० जानेवारी २०२०, रात्री १०:०५

आज त्या सामन्याला ५५ वर्षं झाली. ऑफिसातून परतताना मुद्दाम विद्यापीठावरून गाडी घेतली. कोल फील्ड हाऊसची इमारत उभी आहे, पण आत आता अमेरिकन फुटबॉलचं सरावाचं मैदान आहे. साडेबारा हजार माणसं बसली होती ती जागा तशी राहिलेली नाही. गाडी बाजूला लावून पाच मिनिटं थांबले. थंडी कडाक्याची. दोन विद्यार्थी शेजारून जाताना मोठ्याने हसत होते.

मुलाला धाग्याबद्दल सांगितलं. तो आता सव्वीसचा आहे, शिकागोला असतो. बाकावरच्या दिवसांबद्दल आम्ही घरात कधीच बोललो नव्हतो. तो म्हणाला, आई, मी मागे बसायचो कारण पुढे बसलो असतो तर तू विचारलं असतंस, आणि मला रडायचं नव्हतं. इतक्या वर्षांनी.

वऱ्हाडी, तुमच्या काकूंना भेटून या. मी सांगतेय म्हणून तरी.

वऱ्हाडी_ड्रिबल
२ फेब्रुवारी २०२०, सायंकाळी ६:३०

ताई, शुक्रवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघालो. काल सकाळी गावात.

काकू थकल्या आहेत, ऐकू कमी येतं. मी नाव सांगितलं तर म्हणाल्या, फक्कीवाला का? सरांनी घरी माझं हेच नाव ठेवलं होतं, मला काल कळलं. न येण्याबद्दल मी काही बोलायला लागलो, तर त्यांनी पुढे ताट सरकवलं. पुऱ्या केल्या होत्या. त्यांना कसं कळलं कुणास ठाऊक, शेजारच्या मुलीने माझा फोन घेतला होता तिने सांगितलं असेल.

बांबू माळ्यावर होता. मी उतरवला. उधईने खालचं टोक खाल्लंय, म्हणून शाळेत जाताना सोबत टेपही नेला. शनिवारची सकाळची शाळा नुकतीच सुटली होती, शिपाईदादांनी फाटक उघडून दिलं. मुरूम बराच वाहून गेलाय, एका बाजूला सायकली लावतात. रुळाचे खांब मात्र जसेच्या तसे. पूर्वेकडच्या रिंगला जाळी नाही, आणि टेप लावला तर नऊ फूट दहा इंच. दोन इंच कमी. म्हणजे पोरं अजून लोंबकळतात.

जुना वेल्डर वारला, त्याचा मुलगा दुकान चालवतो. त्याला घेऊन आज सकाळी गेलो. रिंग वर घेतली, वाकलेला ब्रॅकेट बदलला, नवी जाळी बांधली. पश्चिमेकडची बरोबर दहा फूट आहे.